मागे पडलेल्या सेलसाठी जास्तीचे चार्जिंग

लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावरही नेहमीपेक्षा वरच्या व्होल्टेजवर, पण मंद करंटने, आणखी काही तास तिचे चार्जिंग चालू ठेवणे म्हणजे इक्वलायझेशन चार्जिंग. बॅटरीच्या बाजूने पाहिले तर हा अतिरेकच आहे. ज्या ओव्हरचार्जिंगपासून तिला एरवी जपायचे, तेच येथे ठरवून, मोजूनमापून करायचे असते. तरीही कारखान्यातले फोर्कलिफ्ट, गोल्फकार्ट, पाणबुड्या, जुनी टेलिफोन एक्स्चेंजेस आणि सोलर बॅटरी बँका या सर्व ठिकाणी तो देखभालीचा ठरलेला भाग राहिला आहे. घरच्या इन्व्हर्टरला जोडलेली ट्युब्युलर बॅटरी याच जातीची. तिला मात्र बहुधा पाणी सोडून दुसरे काही मिळत नाही.

या बॅटऱ्यांना डीप सायकल म्हणतात, कारण त्या खोलवर रिकाम्या करून पुन्हा भरण्यासाठीच बनवलेल्या असतात. मोटारीच्या बॅटरीचे काम वेगळे असते. स्टार्टरला दोन-चार सेकंद प्रचंड करंट पुरवला की तिचे काम संपते, आणि तेवढी कमी झालेली वीज अल्टरनेटर लगेच भरून काढतो. त्यासाठी तिच्यात पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात. डीप सायकल बॅटरीच्या प्लेटा जाड, त्यांच्यावरचा लेप घट्ट. ट्युब्युलर प्रकारात तर पॉझिटिव्ह प्लेटचा सक्रिय पदार्थ सच्छिद्र नळ्यांमध्ये भरलेला असतो, म्हणजे तो गळून तळाशी जाऊ नये. मोटारीची बॅटरी इन्व्हर्टरला लावली की वर्षभरात का बसते, त्याचे उत्तर या फरकात आहे.

मूळ रचना फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याची, १८५९ सालची, आणि तिचे रसायन तेव्हापासून बदललेले नाही. पॉझिटिव्ह प्लेटवर लेड डायऑक्साइड, निगेटिव्हवर सच्छिद्र शिसे आणि मध्ये पातळ सल्फ्युरिक ॲसिड. बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते. त्यासाठी लागणारा सल्फेट ॲसिडमधून येतो, म्हणून ॲसिड पातळ होत जाते. चार्जिंगमध्ये हेच सारे उलटे घडते. ॲसिडची घनता बॅटरीत किती चार्ज आहे याचा थेट पुरावा ठरते, ती यामुळेच. हायड्रोमीटर हेच तर मोजतो. भारतातल्या बहुतेक ट्युब्युलर इन्व्हर्टर बॅटऱ्यांत पूर्ण चार्ज असताना २७ अंश सेल्सिअसला हे विशिष्ट गुरुत्व १.२४० च्या आसपास असते. बॅटरीवाले त्याला नुसते ‘ग्रॅव्हिटी’ म्हणतात आणि आकडाही ‘बाराशे चाळीस’ असा सांगतात.

चार्जिंगमध्ये सगळे लेड सल्फेट परत फिरले असते तर इक्वलायझेशनची गरजच पडली नसती. ताजे सल्फेट अगदी बारीक स्फटिकांच्या रूपात असते आणि सहज विरघळते. मात्र बॅटरी अर्धवट चार्ज अवस्थेत दिवसेंदिवस पडून राहिली की बारीक स्फटिक विरघळून त्यांचा माल मोठ्या स्फटिकांवर जाऊन बसतो. मोठे अधिक मोठे आणि टणक होत जातात. लेड सल्फेट विजेचे वाहक नाही, त्यामुळे प्लेटचा तेवढा भाग कामातून जातो. याला सल्फेशन म्हणतात. डीप सायकल बॅटऱ्या निकामी होण्याच्या प्रमुख कारणांपैकी हे एक आहे आणि उष्णतेत ते वेगाने वाढते. रोज थोडी वापरायची, रोज थोडी भरायची, पण शंभर टक्क्यांपर्यंत कधीच न्यायची नाही, ही सवय सल्फेशनला सर्वाधिक मानवते.

दुसरा दोष ॲसिडच्या वजनातून येतो. चार्जिंगमध्ये प्लेटांतून बाहेर पडणारे घट्ट ॲसिड जड असल्याने खाली उतरते आणि वर पातळ राहते. सेल जितका उंच, तितका हा थर स्पष्ट. खालच्या भागात सल्फेशन साचते, वरच्या भागाला पुरेसे ॲसिड मिळत नाही. पाणबुडीतले सेल मीटरभर उंचीचे असतात; तिथे हवेचे बुडबुडे सोडून ॲसिड ढवळण्याचीच व्यवस्था केलेली असते. घरच्या उंच ट्युब्युलर बॅटरीत ढवळणारे काही नसते. मोटारीच्या बॅटरीला निदान रस्त्यावरचे धक्के तरी मिळतात.

तिसरा दोष सेलांच्या आपसातल्या फरकाचा. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. ई-रिक्षात किंवा मोठ्या इन्व्हर्टरवर अशा चार बॅटऱ्या जोडून ४८ व्होल्ट केले की चोवीस. सगळ्यांतून करंट तोच वाहतो, पण सेल कधीच तंतोतंत सारखे नसतात. एखाद्यात अशुद्धी किंचित जास्त, एखादा मधोमध असल्याने अधिक तापतो, एखाद्याचा स्वतःहून होणारा डिस्चार्ज थोडा वेगवान. दर चक्रात पडलेला बारीकसा फरक साठत जातो. चार्जरला हे दिसत नाही, कारण तो फक्त एकूण व्होल्टेज पाहतो. वर्गाची सरासरी चांगली आली म्हणून प्रत्येक मुलगा पास झाला असे होत नाही. मागे पडलेला सेल इतरांच्या आधी रिकामा होतो. बॅटरी खोलवर वापरली तर बाकीचे पाच सेल त्याच्यातून उलटा चार्ज ढकलू लागतात, आणि मग तो मरतो. ‘एक सेल डेड आहे’ हे दुकानातले निदान बहुतेकदा अशाच गोष्टीचा शेवट असते.

मीटरवर हा फरक किती लपतो ते एका उदाहरणावरून कळेल. समजा, सहा सेलांचे विशिष्ट गुरुत्व अनुक्रमे १.२४०, १.२३५, १.२४०, १.२०५, १.२४० आणि १.२३५ आले. स्थिर अवस्थेत सेलचे व्होल्टेज ढोबळमानाने विशिष्ट गुरुत्व अधिक ०.८४ एवढे असते. या हिशेबाने बॅटरीचे व्होल्टेज १२.४३ च्या आसपास येते. सगळे सेल १.२४० वर असते तर ते १२.४८ आले असते. अर्ध्या दशांश व्होल्टचा फरक साध्या मल्टिमीटरवर कोणाच्या डोळ्यात भरणार? हायड्रोमीटरवर मात्र चौथा सेल ३५ अंकांनी मागे आहे हे लगेच दिसते. काही शे रुपयांचे हे काचेचे उपकरण असताना हजारोंची बॅटरी नुसत्या अंदाजावर बदलली जाते, हे खरे तर नवलच.

आता उपाय. सेलमागे साधारण २.३५ ते २.४ व्होल्टच्या वर गेले की चार्ज झालेल्या प्लेटा आणखी वीज साठवू शकत नाहीत. येणारा करंट पाण्याचे विघटन करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सोडू लागतो. नेहमीचा चार्जर या उंबरठ्याच्या आसपास थांबतो आणि पुढे सुमारे १३.५ व्होल्टच्या फ्लोट चार्जिंगवर, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यापुरत्या चार्जिंगवर, येतो. इक्वलायझेशनमध्ये सेलमागे २.५ ते २.७ व्होल्ट, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीला १५ ते १६.२ आणि ४८ व्होल्टच्या बँकेला ६० ते सुमारे ६५ व्होल्ट ठेवले जातात. नेमका आकडा उत्पादकाचा घ्यावा, कारण प्लेटांतल्या मिश्रधातूनुसार तो बदलतो. पूर्ण भरलेल्या सेलांतून हा करंट बुडबुड्यांच्या रूपाने वाया जातो, पण मागे पडलेला सेल तोच करंट चार्ज म्हणून घेतो आणि हळूहळू इतरांना गाठतो. वाया जाणारा करंटही अगदीच फुकट जात नाही: वर येणारे बुडबुडे ॲसिड ढवळून थर मोडतात.

सल्फेशनच्या बाबतीत जोरापेक्षा वेळ महत्त्वाचा. लेड सल्फेटला आधी ॲसिडमध्ये आयनांच्या रूपात विरघळावे लागते आणि मगच त्याचे शिशात किंवा लेड डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते. मोठ्या स्फटिकाचे पृष्ठफळ त्याच्या वजनाच्या मानाने लहान, म्हणून तो सावकाश विरघळतो. करंट दुप्पट केल्याने स्फटिक दुप्पट वेगाने विरघळत नाही. फक्त गॅस आणि उष्णता वाढते. म्हणूनच इक्वलायझेशनचा करंट बॅटरीच्या क्षमतेच्या तीन ते पाच टक्के एवढाच ठेवतात: १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीला पाच-सात अँपिअर, पण तो काही तास.

ही प्रक्रिया कॅलेंडर पाहून करायची की हायड्रोमीटर पाहून, यावर एकमत नाही. सोलर चार्ज कंट्रोलरमध्ये दर महिन्याला आपोआप इक्वलायझेशन करण्याची सोय बहुधा असते, आणि मोठ्या बँकेवर ती सोयीचीही आहे. पण अधिक शहाणपणाचा नियम मोजमापाचा आहे. पूर्ण चार्जनंतरही सर्वाधिक आणि सर्वात कमी ग्रॅव्हिटीच्या सेलमध्ये ०.०३० किंवा अधिक अंतर असेल, किंवा सगळेच सेल आपल्या पूर्ण आकड्याच्या बरेच खाली अडकले असतील, तर इक्वलायझेशन करावे. सेल जुळलेले असताना केलेले इक्वलायझेशन बॅटरीचे आयुष्य कापते. पॉझिटिव्ह प्लेटच्या जाळीला गंज चढतो, बुडबुडे सक्रिय पदार्थ सैल करतात, पाणी उडते.

मोजणी करताना दोन गोष्टी चुकतात. पाणी टाकल्यावर लगेच घेतलेले रीडिंग खोटे असते, कारण पाणी वरच तरंगते. ते चार्जिंगमध्ये मिसळू द्यावे लागते. आणि ॲसिडचे तापमान विसरले जाते. दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०००७ एवढी दुरुस्ती करावी लागते, म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यात ४० अंशांच्या ॲसिडवर दिसलेले १.२३० हे २७ अंशांच्या मानाने १.२३९ समजायचे. ही दुरुस्ती न केल्यास धडधाकट बॅटरीही आजारी वाटते.

प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधी बॅटरी नेहमीच्या पद्धतीने पूर्ण चार्ज करून घेतात. सहाही सेलांची रीडिंग वहीत लिहायची. प्लेटा उघड्या पडलेल्या असतील तर त्या झाकतील एवढेच डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणी टाकायचे. वरच्या खुणेपर्यंत भरले तर गॅसमुळे ॲसिड फुगून बाहेर येते. उरलेले पाणी शेवटी, चार्जिंग संपल्यावर. नळाचे किंवा बोअरचे पाणी कधीच नको, त्यातले क्लोराइड आणि लोह प्लेटांना बाधते. आणि ॲसिड तर नकोच नको. ग्रॅव्हिटी कमी दिसली की ‘थोडे ॲसिड मारून’ ती वाढवायची ही दुकानदारी युक्ती आकडा सुधारते, पण सल्फेट प्लेटांवर तसेच राहते. उलट, पुढे ते विरघळले की ॲसिड गरजेपेक्षा घट्ट होऊन जाळीला खाऊ लागते.

बॅटरीवरचा लोड आधी काढून टाकावा लागतो. १२ व्होल्टसाठी बनलेले एलईडी दिवे किंवा रेडिओ १६ व्होल्टवर जळू शकतात. झाकणे जागेवर ठेवायची, कारण ती ॲसिडचे तुषार अडवतात, पण त्यांची गॅस सुटण्याची छिद्रे मोकळी असायला हवीत. मग चार्जर इक्वलायझेशनच्या व्होल्टेजवर लावून दर तासाला रीडिंग घ्यायची. मागचा सेल वर सरकत राहील तोवर काम चालू. सलग तीन रीडिंगांत कोणताच आकडा हलला नाही की थांबायचे, मग ठरवलेले तास पूर्ण झालेले असोत वा नसोत. ॲसिड ५० अंशांवर पोचले तर ताबडतोब बंद करून थंड होऊ द्यायचे. हवा मुळातच गरम असेल तर व्होल्टेजही कमी ठेवायला हवे: २५ अंशांच्या वर दर अंशामागे सेलला साधारण ५ मिलिव्होल्ट, म्हणजे ४० अंशांना १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी जवळजवळ अर्धा व्होल्ट खाली.

गॅसचा हिशेब एकदा तरी मांडून पाहावा. ओव्हरचार्जचा एक अँपिअर-तास एका सेलमध्ये सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन तयार करतो आणि एक तृतीयांश ग्रॅम पाणी संपवतो. पाच अँपिअरने चार तास, म्हणजे वीस अँपिअर-तास, सहा सेलांत दिले तर पाणी चाळीस मिलिलिटर गेले, पण हायड्रोजन ५० लिटर सुटला. हवेत हायड्रोजन चार टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. दहा बाय दहाच्या खोलीत ५० लिटर म्हणजे नगण्य. पण इन्व्हर्टर जिन्याखालच्या एक घनमीटरच्या बंद कपाटात बसवला असेल, तर तिथे ४० लिटरच धोक्याची रेषा गाठतात. हायड्रोजन हलका असल्याने छताशी साठतो, म्हणून खालची फट उघडी ठेवून भागत नाही, वरून वाट हवी. त्याच भिंतीला देवघर आणि देवघरात तेवता दिवा, ही मांडणी अनेक घरांत आढळते. इक्वलायझेशनच्या दिवशी तरी दोघांत अंतर ठेवावे. चष्मा आणि हातमोजे घालणे, हातातली अंगठी-कडे काढून ठेवणे आणि सांडलेल्या ॲसिडसाठी खाण्याच्या सोड्याचे पाणी जवळ असणे, ही बाकीची तयारी.

हे सारे फक्त पाणी टाकता येणाऱ्या, म्हणजे फ्लडेड बॅटऱ्यांसाठी. एजीएम आणि जेल प्रकारच्या बंद बॅटऱ्यांत सुटलेला गॅस आतच पुन्हा पाण्यात बदलावा अशी रचना असते. १६ व्होल्ट दिले तर गॅस त्या वेगाने मुरत नाही, व्हॉल्व्ह उघडतो आणि गेलेले पाणी परत भरता येत नाही. जेलमध्ये तर कायमच्या पोकळ्या पडतात. काही एजीएम उत्पादक विशिष्ट परिस्थितीत सौम्य इक्वलायझेशनला परवानगी देतात, पण ती त्यांच्या लेखी सूचनेत असेल तरच धरावी. लिथियम बॅटरीत सेलांचा समतोल राखण्याचे काम तिची स्वतःची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. बॅटरी बदलून लिथियम बसवली आणि जुन्या चार्जरमधले इक्वलायझेशन तसेच चालू राहिले, तर नुकसान ठरलेले.

महाराष्ट्रात सोलर बॅटरी बँकेची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर ऊन तुटपुंजे, त्यामुळे बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट भरलेली राहते, आणि सल्फेशनला याहून चांगली संधी नाही. कंट्रोलरचे आपोआप होणारे इक्वलायझेशन या काळात नावापुरतेच होते. पॅनेल अपेक्षित व्होल्टेज गाठेपर्यंत ढग येतात आणि दिवस संपतो. अशा ठिकाणी वीज मंडळाच्या लाइनवर किंवा जनरेटरवर एखादा पूर्ण चार्ज आणि त्यानंतर इक्वलायझेशन करून घेणे हाच मार्ग. ऑक्टोबरच्या कडक उन्हात दोन दिवस लोड कमी ठेवला तर पॅनेलवरही ते साधते. शहरातल्या इन्व्हर्टरची अडचण नेमकी उलटी आहे. लोडशेडिंग कमी झाल्याने बॅटरी महिनोन् महिने फ्लोटवर उभी असते, वापर जवळजवळ नाही. तिथे ॲसिडचे थर बसतात. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरचे चार्जिंग १४.४ व्होल्टच्या आसपास थांबते आणि इक्वलायझेशनची सेटिंग नसते. मग वेगळा चार्जर असलेल्या बॅटरी दुरुस्तीवाल्याकडेच हे काम द्यावे लागते.

सल्फेशन घालवणारी पावडर किंवा द्रव ओतण्याचा सोपा मार्ग बाजारात कायम उपलब्ध असतो. त्याची सर्वात गाजलेली कथा अमेरिकेतली. एडी-एक्स२ या पावडरचा काही उपयोग नाही, असा निष्कर्ष तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने प्रयोगांती काढला. ती मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियम सल्फेटचे मिश्रण होती. १९५३ मध्ये वाणिज्यमंत्री सिंक्लेअर वीक्स यांनी ब्युरोचे संचालक ॲलन ॲस्टिन यांना राजीनामा द्यायला लावला. देशभरच्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर त्यांना पदावर ठेवावे लागले, आणि नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीनेही ब्युरोच्याच बाजूने कौल दिला. बॅटरीत टाकायच्या एका पावडरवरून एका राष्ट्रीय प्रयोगशाळेचा प्रमुख पदावरून जाता जाता राहिला.

इक्वलायझेशनलाही मर्यादा आहेत. वर्षभर रिकामी पडलेली बॅटरी, जिच्या प्लेटांवरचा लेप गळून तळाशी गाळ साचला आहे ती, किंवा आत शॉर्ट झालेला सेल, यांवर त्याचा परिणाम होत नाही. शॉर्ट झालेला सेल ओळखणे सोपे असते: तासन् तास चार्ज करूनही त्यात बुडबुडे येत नाहीत, ग्रॅव्हिटी जागची हलत नाही आणि तो शेजाऱ्यांपेक्षा गरम लागतो. दोन-तीन वेळा, मध्ये वापर करून, इक्वलायझेशन केल्यावरही सेल वर येत नसेल तर पुढचे प्रयत्न बाकीच्या चांगल्या सेलांचे आयुष्य खर्च करतात. बँकेतली एकच बॅटरी अशी निघाली आणि बाकीच्या जुन्या असतील, तर तिच्या जागी कोरी बसवूनही फारसे साधत नाही. जुन्यांच्या मेळात नवी लवकर त्यांच्याच पातळीला येते. निकामी बॅटरी विक्रेत्याला परत करायची असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि तिच्यातले शिसे वितळवून पुन्हा नव्या प्लेटांत वापरता येते. वजन कमी करण्यासाठी ॲसिड गटारात ओतून मग ती भंगारात नेणे मात्र टाळायला हवे, कारण त्या ॲसिडमध्ये विरघळलेले आणि तळाशी बसलेले शिसे जमिनीत तसेच राहते.